बी त्यांची, गर आमचा

एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे, सावंतवाडीच्या खालच्या पट्ट्यात, काजूची बी विकायला नेली की व्यापारी पोतं काट्यावर चढवायच्या आधीच दर सांगतो. दर मागच्या आठवड्यापेक्षा उतरलेला असेल तर कारण ठरलेलं असतं: "आफ्रिकेची बी आली." लहानपणापासून हे वाक्य ऐकत आलोय. आफ्रिका म्हणजे नक्की कुठे, तिथे ही बी कोण वेचतं, त्याच्या हातात काय पडतं, हे व्यापाऱ्याने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बंदराला जहाज लागलं की आमच्या बागेतल्या बीचे किलोमागे चार पैसे कमी होतात, एवढीच आमची त्या खंडाशी ओळख.

पुढे मोझांबिकची हकिकत वाचनात आली, आणि व्यापाऱ्याच्या त्या वाक्याला दुसरं टोकही आहे हे कळलं. गरीब देशांनी बाजार खुला करावा, कर उतरवावेत, सरकारने बाजूला व्हावं, बाकीचं बाजार बघून घेईल, हा उपदेश गेली चाळीस वर्षं चालू आहे. त्यावर बाजूने आणि विरोधात ढीगभर लिहिलं गेलंय. पण एकाच पिकाचा माग काढत तो उपदेश तपासायचा असेल तर मोझांबिकच्या काजूइतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही. शिवाय त्या व्यवहारात समोरच्या बाजूला आपण उभे होतो.

'काजू' हा शब्दसुद्धा दोघांचा एकच आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हे झाड ब्राझीलमधून उचललं, गोव्यात आणलं, मोझांबिकच्या किनाऱ्यावर नेलं आणि त्याबरोबर नावही नेलं. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा. तिथल्या नांपुला प्रांतातली बाई झाडाखाली पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, उचलते, पिळून बी वेगळी करते, उन्हात वाळवते. आमची आई अजूनही तेच करते.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक काजू पिकवणारा जगातला सगळ्यात मोठा देश होता. वर्षाला दोन लाख टनांच्या वर बी निघायची. साठच्या दशकापासून तिथे कारखाने उभे राहिले आणि बी फोडून गर विकायला लागलेला तो आफ्रिकेतला पहिला मोठा देश ठरला. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळालं. नव्या सरकारने कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी घातली, म्हणजे बी देशातच फोडायची. मग यादवी युद्ध पेटलं, ते १९९२ पर्यंत चाललं. झाडं म्हातारी झाली, गावंच्या गावं उठली, रस्त्यांत सुरुंग पेरले गेले. त्यात सरकारने ठरवलेला भाव इतका कमी की बी वेचण्याचे कष्टही निघेनात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत पीक जुन्या आकड्याच्या जवळपासही उरलं नव्हतं. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. ती शेतकऱ्याच्या जिवावर चालत होती आणि नीट चालतही नव्हती.

जागतिक बँक आली ती या पार्श्वभूमीवर. तिचा युक्तिवाद नीट ऐकून घेतला पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. निर्यातबंदी उठून तिच्या जागी कच्च्या बीवर निर्यात कर बसलेला होता. बँक म्हणाली, या करामुळे शेतकऱ्याला जगाच्या बाजारातला भाव मिळत नाही. देशातले कारखाने बी स्वस्तात घेतात, आणि तरीही ते इतके अकार्यक्षम आहेत की कच्ची बी थेट भारताला विकली तर देशाला जास्त पैसे मिळतील. काजूवर जगणारी कुटुंबं साधारण दहा लाख, कारखान्यांतले कामगार दहा-अकरा हजार. दहा लाखांच्या तोंडचा घास काढून दहा हजारांना का भरवायचा? गरिबाच्या बाजूचा कुठलाही माणूस या प्रश्नापाशी थबकेल. मीही थबकलो होतो, आणि मी तर बी विकणाऱ्यांच्या बाजूचा.

१९९५ मध्ये ही गोष्ट कर्जाच्या अटींत गेली. कर टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायचा ठरला. त्या वर्षी तो २० टक्के झाला, पुढच्या वर्षी १४. गंमत वाटावी असं नाही, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे की हे सगळं सरकारी कारखाने खाजगी उद्योजकांना विकून झाल्यावर लगेच घडलं. ज्यांनी पैसे ओतून कारखाने घेतले, त्यांना घेताना बी देशात राहील असं वाटत होतं. दुरुस्त्या चालू असतानाच बी जहाजात बसून निघून गेली. काही वर्षांत बहुतेक मोठे कारखाने बंद पडले आणि सुमारे दहा हजार कामगार घरी बसले. देश मुळात गरीब, कारखान्यातली नोकरी ही तिथली सगळ्यात दुर्मीळ चीज. एका पगारावर किती तोंडं जगत असतील याचा हिशेब गिरण्या बंद पडलेल्या मुंबईतल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

आता शेतकऱ्याकडे वळू, कारण सगळं त्याच्या नावाने चाललं होतं. मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरन वेल्च या तीन अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये याचा हिशेब मांडला. हे तिघे बाजाराचे शत्रू नव्हेत, त्याच शास्त्रात वाढलेली माणसं. त्यांच्या हिशेबाने या बदलातून शेतकऱ्यांना मिळालेलं जादा उत्पन्न फार तर वर्षाला ५३ लाख डॉलर. कुटुंबामागे बघितलं तर साधारण सव्वापाच डॉलर. वर्षाचे. आणि देशाला झालेला एकूण फायदा बेकार झालेल्या कामगारांच्या नुकसानीने जवळपास पुसला गेला.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमचा काटा आठवला. बँकेच्या कागदावर कर उतरला की शेतकऱ्याचा भाव चढतो. कागदावर बंदर आणि शेत यांच्यात काहीच नसतं. खऱ्या जगात मध्ये खेड्यातला दुकानदार असतो, त्याच्यामागे ट्रकवाला, त्याच्यामागे गुदामवाला, त्याच्यामागे निर्यातदार. ज्याच्या घरी वाळवलेली बी ठेवायला कोरडी जागा नाही, शाळेची फी किंवा औषधाचे पैसे आजच हवेत, आणि ज्याच्या गावात महिन्यातून एकच ट्रक येतो, तो बंदरावरचा भाव रेडिओवर ऐकून काय करणार? ट्रकवाला म्हणेल तो भाव. आमच्याकडे तर डांबरी रस्ता आहे, मोबाइल आहे, तालुक्याला चार व्यापारी आहेत, आणि तरीसुद्धा हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात बी विकणारा आणि जूनपर्यंत थांबू शकणारा यांच्या भावात फरक पडतो. थांबू शकणारा कोण असतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. युद्धातून नुकत्याच उठलेल्या नांपुलात तर रस्तेच वाहून गेलेले. कर कमी झाल्यावर सुटलेला पैसा ज्याच्याकडे गुदाम होतं त्याच्या खिशात गेला.

दुसरं, विकायचं कोणाला? कच्ची बी विकत घेणारं मोठं गिऱ्हाईक तेव्हा एकच होतं, भारत. आमचा हंगाम मार्च ते मे, तिकडचा साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे कोल्लम, मंगळूरचे कारखाने रिकामे असतात तेव्हा त्यांना आफ्रिकेची बी हवी असते. स्वतः फोडण्याची ताकद आहे तोवर मोझांबिक भारताला सांगू शकत होता की भाव पटला तर घ्या, नाहीतर आम्ही फोडतो. कारखाने गेले आणि ती ताकदही गेली. ज्याला एकच गिऱ्हाईक, त्याने बाजाराच्या गोष्टी करू नयेत. आणि ते गिऱ्हाईक स्वतः किती खुलं होतं? आजवर भारताने काजूच्या बाबतीत जे केलंय ते कच्ची बी येऊ दे, सोललेला गर अडव, असंच आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवरचा आयात कर ५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणला, २०१९ मध्ये काजूगरावरचा ४५ वरून ७० टक्क्यांवर नेला. मी त्याला दोष देत नाही. आपल्या कारखान्यांतल्या बायकांचं काम टिकावं म्हणून कुठलंही शहाणं सरकार हेच करेल. मोझांबिकच्या सरकारला नेमकं हेच करायची मनाई होती.

आणि तिसरी गोष्ट यंत्रांची. हिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण बँकेचा सगळा डोलारा 'कारखाने अकार्यक्षम आहेत' या एका वाक्यावर उभा होता.

वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूचे छोटे कारखाने आहेत. त्यांपैकी एकात सकाळी आठला जाऊन बसलं की काम नीट दिसतं. बी आदल्या दिवशी वाफवून गार केलेली असते. बाई टेबलाशी बसते, दोन पात्यांच्या मध्ये बी धरते, पायाने पट्टी दाबते, हाताने दांडा फिरवते. टरफल दुभंगतं. शेजारची बाई टोकदार सळीने गर उचकटून काढते. बोटांना आधी तेल चोळलेलं असतं, कारण टरफलातलं तेल कातडी जाळतं. तरीही हंगाम सरेपर्यंत नखांच्या कडा काळ्या पडतात आणि बोटांची टोकं सोलवटतात. प्रत्येक बी वेगळ्या आकाराची. एखादी वाकडी, एखादी पोकळ. बाईचा हात ते ओळखतो आणि दाब कमी-जास्त करतो. गर अखंड निघाला तर तो दोनशे चाळीस नाहीतर तीनशे वीसच्या ढिगात (एका पौंडात किती गर बसतात त्यावरून पडलेली ही प्रतींची नावं), मधोमध सुटला तर पाकळी, फुटला तर तुकडा. अखंड आणि तुकड्याच्या भावात एवढी तफावत असते की कारखाना तरतो की बुडतो हे त्या हातावर ठरतं. चार-साडेचार किलो बीतून कसाबसा एक किलो गर. त्यात तुकडा किती पडला, हाच मालकाचा संध्याकाळचा प्रश्न.

मोझांबिकच्या मोठ्या कारखान्यांत हे काम युरोपी बनावटीची अवजड यंत्रं करत होती. बी जोराने आपटून फोडायची. वेग मोठा, पण तुकडाही मोठा. भारतीय बाईच्या हाताशी त्या यंत्राची बरोबरी होत नव्हती, हे बँकेचं निरीक्षण खरं होतं. पण त्यावरून निघालेला निष्कर्ष बघा: हा देश बी फोडण्याच्या लायकीचा नाही, कच्ची विका. यंत्र चुकीचं आहे, पद्धत बदला, चार-पाच वर्षं द्या, तोवर कर राहू द्या, असं कोणाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल तर त्यांच्या गणितात त्याला रकाना नव्हता. पण पद्धत बदलली की जमतं हे पुढे दिसलं: २००१ नंतर, कर पुन्हा वाढल्यावर, नांपुलात जे कारखाने उभे राहिले ते आकाराने लहान, गावांजवळचे, आणि त्यांत यंत्र होतं हातापायाने चालवायचं, आमच्या वेंगुर्ल्यातल्यासारखं. तेच झाड, तीच माणसं. काही वर्षांत तिथे हजारो हातांना पुन्हा काम मिळालं.

मधल्या काळात काय झालं तेही सांगतो. १९९७ मध्ये बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला आले. कामगार संघटना आणि कारखानदार, जे एरवी एकमेकांच्या समोर उभे असतात, ते इथे एका बाजूला होते. वुल्फेन्सन यांनी नव्याने अभ्यास करायचं कबूल केलं. त्रयस्थ अहवाल आला, आणि शेतकऱ्याच्या पदरात फायदा पडल्याचं त्यातही दिसलं नाही. १९९९ मध्ये मोझांबिकच्या संसदेने कायदा केला आणि निर्यात कर १८ ते २२ टक्क्यांच्या पट्ट्यात परत नेला. तोपर्यंत बहुतेक कारखान्यांना टाळं लागलं होतं, यंत्रं गंजली होती.

मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. बाजार वाईट की सरकार वाईट, या वादात मला फारसा रस उरलेला नाही. दोन्ही चुकतात. पण मोझांबिकमध्ये निर्णय ज्यांनी घेतला त्यांना चुकीची झळ लागणार नव्हती. वॉशिंग्टनमधल्या कोणाची नोकरी गेली नाही, कोणी निवडणूक हरलं नाही. कर्ज मात्र मोझांबिकच्याच नावावर राहिलं, चुकीच्या सल्ल्यासकट. डॉक्टरने चुकीचं औषध दिलं तर निदान गावात त्याच्या दारात जाऊन बसता येतं. इथे दारच सातासमुद्रापार. ती चूक सुधारली गेली ती लोकांनी निवडून दिलेल्या संसदेने अटीला वळसा घालण्याची हिंमत केली तेव्हा.

हे दुखणं नवं नाही आणि ते ओळखणारे आपल्याकडे फार आधी होऊन गेले. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे भारतीय अर्थशास्त्रावर बोलले, तेव्हा त्यांचा रोख यावरच होता: इंग्रजी पुस्तकांतले सिद्धांत सर्व काळी, सर्व देशांना सारखेच लागू पडतात हे गृहीतच चुकीचं आहे, देश कुठल्या टप्प्यावर उभा आहे ते आधी बघा. तेव्हा खुल्या व्यापाराचा मंत्र मँचेस्टरहून येत होता. १८८२ मध्ये विलायती कापडावरचा आयात कर उठला होता. रानड्यांच्या भाषणानंतर चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, सरकारने मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला, का तर विलायती कापडावर आयात कर परत आला होता आणि लँकेशायरच्या इंग्रज गिरण्यांशी 'समान' स्पर्धा व्हावी म्हणून. मुंबईच्या गिरणीमालकांना आणि मापुतोच्या काजूवाल्यांना एकमेकांची भाषा सहज कळली असती.

यावर कोणी म्हणेल, मग १९९१ चं काय? आपल्याकडेही नाणेनिधीच्या कर्जाबरोबरच सुधारणा आल्या आणि त्यांनी देशाचं भलं केलं. बरंचसं मान्य. परवान्यांच्या राज्यात एका स्कूटरसाठी वर्षानुवर्षं वाट बघितलेली पिढी अजून आहे, तिला जुने दिवस नकोत. पण १९९१ नंतर आपण काय काय लगेच केलं नाही ते बघा. ग्राहकोपयोगी आणि शेतीमालाच्या आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध, म्हणजे किती माल आत येऊ द्यायचा यावरची बंधनं, पूर्णपणे उठले ते १ एप्रिल २००१ ला. दहा वर्षं. त्या दहा वर्षांत कोणी संप केले, कोणी मोर्चे काढले, सरकारं पडली, नवी आली, आणि प्रत्येकाने वेग आपल्या कुवतीप्रमाणे कमी-जास्त केला. मोठा देश असल्याने ते जमलं. लहान देशाला हा अवधीच मिळत नाही. हैतीने १९९५ मध्ये परदेशी तांदळावरचा कर ३ टक्क्यांवर आणला, अमेरिकेचा अनुदानित तांदूळ आत आला आणि तिथला भातशेतकरी देशोधडीला लागला. २०१० मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ती चूक होती असं जाहीरपणे कबूल केलं; आपल्या अर्कान्सास राज्यातल्या शेतकऱ्यांचा त्यात फायदा झाला असेल, असंही तेच म्हणाले. कबुली प्रामाणिक होती. पण हैतीतल्या शेतकऱ्याने तोवर जमीन सोडली होती.

आणि सरकारच्या हाती सगळं दिलं की प्रश्न सुटतो असंही कोणी समजू नये. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये टांझानियाचे अध्यक्ष मागुफुली यांनी व्यापारी कमी भाव देतात म्हणून अख्खं काजूचं पीक सरकारने घ्यायचं ठरवलं आणि बी उचलायला सैन्य पाठवलं. घोषणा ऐकायला शूर होती. शेतकऱ्यांचे पैसे मात्र रखडले. ती चूक टांझानियाची स्वतःची होती, आणि तिचा जाब तिथल्या लोकांना तिथेच विचारता येत होता.

आमच्याकडे आता चक्र फिरलंय. २००६ पासून काजूगराच्या निर्यातीत व्हिएतनाम आपल्या पुढे गेला, कोल्लममधले कारखाने एकामागून एक बंद पडत गेले, आणि कच्च्या बीवरचा आयात कर हा आमच्या जिल्ह्यातला गरम विषय झालाय. गेल्या उन्हाळ्यात एका सभागृहात बागायतदारांची बैठक होती. एक जण तावातावाने उठला: आयात कर वाढवा, आफ्रिकेची बी थांबवा, आम्हाला किलोला दोनशे मिळालेच पाहिजेत. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत चार-पाच बायका होत्या, कारखान्यात बी फोडण्याचं काम करणाऱ्या. त्यांतली एक उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तुमची बी मेमध्ये संपते. पावसाळ्यात आम्ही काय फोडायचं?"

सभागृह गप्प झालं. मग बाचाबाची झाली, हिशेब निघाले, कोणी म्हणालं कर हंगामापुरता असावा, मार्च ते जून, नंतर कमी करावा. कोणी म्हणालं सहकारी गुदाम काढा म्हणजे आपल्याच बीवर कारखाना जास्त महिने चालेल. कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला वाणांच्या नव्या लागवडीतून उत्पादन कितीने वाढेल यावर दोन प्राध्यापकांत मतभेद झाले. एकमत काही झालं नाही. शेवटी निवेदनात दोन मागण्या लिहिल्या: हंगामी आयात कर, आणि गुदामासाठी कमी व्याजाचं कर्ज. त्या बाईनेही सही केली, पण "पावसाळ्यातल्या कामाची हमी" अशी एक ओळ हाताने खाली लिहायला लावून. ते निवेदन घेऊन आम्ही सात जण आमदारांकडे गेलो, त्यात ती होती.